वेगवेगळ्या काळांतील हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची तुलना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशात कुस्तीचे वेड जुने आहे. बॉक्सिंग मात्र आपल्याकडे आधी वर्तमानपत्रातून आले, मग दूरचित्रवाणीवरून आणि आता मोबाइलवरून. त्यामुळे अनेकदा एकाच घरात आजोबांचा मोहम्मद अली, वडिलांचा माईक टायसन आणि नातवाचा ओलेक्झांडर उसिक असे तीन नायक एकत्र नांदतात आणि त्यांच्यात श्रेष्ठ कोण, हा वाद जेवणाच्या ताटापर्यंत येतो. जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शहादा अशा ठिकाणच्या सराव करणाऱ्या मुलांकडून, त्यांच्या पालकांकडून आणि जुन्या जाणत्या शौकिनांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. जेथे मत मांडले आहे, तेथे ते मत का झाले, हेही सांगितले आहे.

अली आणि टायसन यांची लढत झाली असती, तर कोण जिंकले असते?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच असल्यामुळे त्याचे उत्तर प्रथम देतो. मात्र त्याआधी कोणता अली आणि कोणता टायसन, हे ठरवावे लागेल. नोव्हेंबर १९६६ मध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा अली आणि १९७५ मध्ये मनिला येथे जो फ्रेझरशी चौदा फेऱ्या झुंजणारा अली, ही शरीराने जवळजवळ दोन वेगळी माणसे होती. पहिल्याला ठोसा लागतच नसे, तर दुसरा ठोसे खाऊन टिकत असे. त्याचप्रमाणे जून १९८८ मध्ये मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत खाली पाडणारा टायसन आणि २००२ मध्ये लेनॉक्स लुईसकडून आठव्या फेरीत पराभूत झालेला टायसन, यांना एकाच नावाखाली तोलणे अन्यायाचे होईल.

दोघांचा उत्तम काळ धरला, म्हणजे १९६६-६७ चा अली आणि १९८८ चा टायसन घेतला, तर माझा कौल अलीच्या बाजूने जातो. टायसनची उंची १७८ सेंटिमीटर होती आणि त्याला उंच माणसाच्या डाव्या हाताखालून आत शिरावे लागत असे. जे उंच मुष्टियोद्धे घाबरले नाहीत आणि सतत हलत किंवा मिठी मारत राहिले, त्यांना तो त्याच्या भरातील काळातही लवकर बाद करू शकला नाही. जेम्स स्मिथ आणि टोनी टकर हे दोघे १९८७ मध्ये त्याच्यासमोर पूर्ण बारा फेऱ्या उभे राहिले. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत बस्टर डग्लसने त्याला जॅबच्या, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या, जोरावर दूर ठेवले, आठव्या फेरीत खाली पडूनही तो उठला आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनला बाद केले. डग्लसपाशी जे होते ते सारे अलीपाशी अधिक प्रमाणात होते, आणि पाय तर कितीतरी अधिक वेगवान होते.

तरीही टायसनच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि तो लपवू नये. अलीला आयुष्यभर ज्या एका ठोशाने छळले, तो डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला डाव्या हाताचा ठोसा होता. १९६३ मध्ये हेन्री कूपरने आणि १९७१ मध्ये पंधराव्या फेरीत फ्रेझरने त्याला याच ठोशाने खाली पाडले होते. टायसनचा डावा हूक या दोघांपेक्षा कमी नव्हता आणि त्याचा वेग फ्रेझरपेक्षा जास्त होता. म्हणून पहिल्या चार फेऱ्यांत टायसन जिंकण्याची शक्यता मी खरी मानतो. पाचव्या फेरीनंतर मात्र ती झपाट्याने कमी होत गेली असती.

एकमेकांशी कधीच न लढलेल्या माणसांची तुलना करण्यात काही अर्थ आहे का?

आहे, परंतु दोन प्रश्न वेगळे ठेवले तरच. आपल्या काळातील प्रतिस्पर्ध्यांवर कोणी किती वर्चस्व गाजवले, हा पहिला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर नोंदींतून मिळू शकते. दोघांना एकाच रिंगमध्ये उभे केले तर कोण जिंकेल, हा दुसरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कोणत्या नियमांनी खेळवणार, हे सांगितल्याशिवाय देताच येत नाही. बहुतेक वाद चिघळतात ते एक जण पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत असताना दुसरा दुसऱ्या प्रश्नावर अडून बसलेला असतो म्हणून.

या संपूर्ण पानाची भूमिका अशी आहे की, कोणत्याही विजेत्याला प्रथम त्याच्या काळाच्या नियमांत आणि त्याच्या काळच्या माणसांत मोजावे. त्याला दुसऱ्या काळात नेऊन उभे करायचे असेल, तर आपण त्याच्याकडून काय काढून घेतले आणि त्याला काय दिले, याचा हिशेब आधी मांडावा.

बारा फेऱ्या आणि पंधरा फेऱ्या यांनी एवढा काय फरक पडतो?

फार मोठा. किंबहुना या विषयातील सर्वात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे, असे मला वाटते.

१८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती आणि खाली पडलेल्यासाठी दहापर्यंतची मोजणी रूढ केली, पण फेऱ्यांची संख्या दीर्घकाळ बदलत राहिली. जॅक जॉन्सन १९१५ मध्ये हवाना येथे जेस विलार्डकडून हरला ती लढत पंचेचाळीस फेऱ्यांची ठरलेली होती आणि सव्विसाव्या फेरीत संपली. त्यानंतर जगज्जेतेपदासाठी पंधरा फेऱ्यांचा प्रघात पडला. नोव्हेंबर १९८२ मध्ये किम डुक-कू हा कोरियन मुष्टियोद्धा रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर मरण पावला, तेव्हा जागतिक बॉक्सिंग परिषदेने आपल्या लढती बारा फेऱ्यांवर आणल्या आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत इतर संघटनाही त्याच वाटेने गेल्या.

आता याचा परिणाम पाहा. १८ जून १९४१ रोजी न्यूयॉर्कमध्ये जो लुई या विजेत्यासमोर बिली कॉन हा त्याच्यापेक्षा बराच हलका मुष्टियोद्धा उभा होता. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तीनपैकी दोन गुणपत्रकांवर कॉन पुढे होता आणि तिसऱ्यावर बरोबरी होती. तेराव्या फेरीत कॉन बाद करण्याच्या ईर्ष्येने पुढे गेला आणि लुईने त्याला लोळवले. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात रॉकी मार्सियानो तिन्ही गुणपत्रकांवर जर्सी जो वॉलकॉटच्या मागे होता आणि त्यानेही तेराव्याच फेरीत उजव्या हाताच्या एका ठोशाने किताब मिळवला. आजचा नियम लावला तर लुईची कारकीर्द १९४१ मध्ये खंडित होते आणि मार्सियानो त्या रात्री विजेता होतच नाही. ही दोन्ही नावे बहुतेक क्रमवारींत वरच्या स्थानांवर असतात, आणि दोघांचेही स्थान शेवटच्या नऊ मिनिटांवर उभे आहे.

मार्च १९८० मध्ये माईक वीव्हरने जॉन टेटला पंधराव्या फेरीत, घंटा होण्यास एक मिनिटही उरलेले नसताना बाद केले, तेव्हा तोही गुणांवर मागेच होता. म्हणून जुन्या काळातील मुष्टियोद्धा संथ सुरुवात करत असेल, तर ते त्याचे कौशल्य कमी असल्याचे लक्षण मानू नये. त्याला दम पंधरा फेऱ्यांना पुरवायचा होता. उलट, आजच्या माणसाला शंभर किलोंहून अधिक वजनासह तेराव्या फेरीत उतरवले तर काय होईल, हे कोणालाही ठाऊक नाही, कारण त्याला तशी तयारी कधी करावीच लागलेली नाही.

याखेरीज आणखी कोणते नियम बदलले?

तटस्थ कोपऱ्याचा नियम महत्त्वाचा आहे, म्हणजे समोरच्याला खाली पाडले की रिकाम्या कोपऱ्यात जाऊन थांबायचे आणि त्यानंतरच मोजणी सुरू व्हायची. जॅक डेम्प्सीने ४ जुलै १९१९ रोजी टोलेडो येथे विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले, परंतु दर वेळी तो त्याच्या जवळच उभा राहत असे आणि विलार्ड उठू लागताच पुन्हा प्रहार करत असे. नवा नियम आल्यानंतर १९२७ मध्ये शिकागोत जीन टनीला पाडल्यावर डेम्प्सी तटस्थ कोपऱ्यात जाण्यास रेंगाळला, पंचांची मोजणी उशिरा सुरू झाली, टनी सावरला आणि गुणांवर जिंकला. त्या मोजणीवर आजही वाद होतो. याशिवाय ग्लोव्हज जाड झाले आहेत, डॉक्टर रिंगच्या कडेला असतात आणि पंच लढत पूर्वीपेक्षा लवकर थांबवतात. हे सर्व बदल माणसाचा जीव वाचवणारे आहेत आणि ते व्हायलाच हवे होते.

जुने हेवीवेट आजच्या मानाने फारच हलके होते. आजच्या धिप्पाड माणसांसमोर ते टिकले असते का?

आकडे प्रथम समोर ठेवू. मार्सियानो साधारण ८४ किलोंचा होता. डेम्प्सीचे वजन ८५ किलोंच्या आसपास होते आणि लुई भरात असताना सुमारे ९० किलोंचा होता. आज क्रूझरवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटाची कमाल मर्यादा २०० पौंड, म्हणजे ९०.७ किलो आहे. याचा अर्थ असा की हे तिघेही आज हेवीवेट गटात उतरलेच नसते. अली १९६४ मध्ये ९५ किलोंचा आणि मनिलात १०२ किलोंचा होता. लेनॉक्स लुईस २००२ मध्ये ११३ किलोंचा होता आणि त्याची उंची १९६ सेंटिमीटर होती. ब्रिटिश मुष्टियोद्धा टायसन फ्युरी याची उंची तर २०६ सेंटिमीटर आहे. हेवीवेटला वरची मर्यादा नसल्यामुळे ही वाढ कोणत्याही नियमाने अडत नाही.

आपल्याकडे यात्रेतील कुस्त्यांच्या दंगलीत काटा नसतो. गावातील जाणती मंडळी दोन पैलवानांच्या अंगाकडे, मानेकडे आणि त्यांच्या आजवरच्या कुस्त्यांकडे पाहून जोड लावतात, आणि त्यांची नजर सहसा चुकत नाही, कारण ती केवळ वजन पाहत नाही. हेवीवेटचा विचार करतानाही तीच नजर हवी.

केवळ आकाराने किताब टिकत नाही, हे इतिहास वारंवार सांगतो. विलार्ड डेम्प्सीपेक्षा सुमारे २६ किलोंनी जड होता. इटलीचा प्रिमो कार्नेरा ११८ किलोंचा होता आणि १९३५ मध्ये ८९ किलोंच्या लुईने त्याला सहाव्या फेरीत संपवले. रशियाचा निकोलाय वालुएव २१३ सेंटिमीटर उंच होता आणि २००९ मध्ये डेव्हिड हे या मूळच्या क्रूझरवेट मुष्टियोद्ध्याने त्याचा गुणांवर पराभव केला. सर्वात ताजे आणि सर्वात बोलके उदाहरण उसिकचे आहे. तो २०१८ मध्ये क्रूझरवेटचा निर्विवाद विजेता झाला, मग वरच्या गटात आला, त्याने अँथनी जोशुआला दोनदा हरवले आणि १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये फ्युरीला हरवून चारही प्रमुख संघटनांचे किताब एकत्र केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या दुसऱ्या लढतीत वजनातील फरक २५ किलोंच्या आसपास होता, तरीही तोच जिंकला.

परंतु एवढ्यावरून आकाराला महत्त्व नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. विलार्ड, कार्नेरा आणि वालुएव हे मोठे होते, पण उत्तम मुष्टियोद्धे नव्हते. लेनॉक्स लुईस आणि व्लादिमीर क्लिच्को हे मोठे होते आणि उत्तमही होते. अशा माणसाचा जॅब लांबून लागतो, आणि कोणी आत शिरलाच तर तो त्याच्या मानेवर वजन टाकून त्याचे पाय थकवतो. हे वजन पेलणे ८४ किलोंच्या माणसाला फार अवघड आहे. उसिक हलका वाटतो तो फ्युरीच्या शेजारी. प्रत्यक्षात तो १९१ सेंटिमीटर उंच आणि शंभर किलोंचा आहे, म्हणजे अलीच्याच घडणीचा आहे. म्हणून माझे मत असे आहे की शंभर किलोंच्या आसपासचा असामान्य कौशल्याचा माणूस कोणत्याही काळातील कोणालाही हरवू शकतो, मात्र ८५ किलोंचा माणूस लेनॉक्स लुईससारख्या कुशल आणि धिप्पाड विजेत्यापुढे हरला असता. यात मार्सियानोही आला. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण त्याच्याइतक्या जिद्दीचा विजेता या गटात दुसरा झालेला नाही.

मार्सियानो ४९ लढतींत एकदाही हरला नाही. मग तोच सर्वश्रेष्ठ का नाही?

४९ पैकी ४३ लढती त्याने समोरच्याला बाद करून जिंकल्या आणि अपराजित राहून १९५६ मध्ये निवृत्ती घेतली, हा विक्रम कोणीही हिरावून घेऊ शकत नाही. परंतु त्याच्या यादीतील मोठी नावे उतरत्या वयातील होती. १९५१ मध्ये लुई ३७ वर्षांचा होता आणि पुनरागमन करत होता, तर १९५२ मध्ये वॉलकॉट ३८ वर्षांचा होता. त्याने आपल्यासमोर आलेल्या प्रत्येकाला हरवले, यात शंका नाही, मात्र अलीसमोर आलेल्या फ्रेझर, फोरमन किंवा लिस्टन यांच्यासारखे कोणी त्याच्या काळात नव्हते, आणि हा त्याचा दोष नाही. शून्य पराभव ही नोंद माणसाच्या कौशल्याइतकीच त्याच्या काळाचीही असते. लॅरी होम्स १९८५ मध्ये ४८ विजयांपर्यंत सलग पोहोचला होता आणि मायकेल स्पिंक्सने त्याला तेथे अडवले. त्या एका निकालामुळे होम्स मार्सियानोपेक्षा कमी ठरतो, असे मी मानत नाही.

जो लुईच्या २५ किताबरक्षणांचे मोल काय? त्याचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, असे म्हणतात.

काही दुबळे होतेच. पण १९३७ ते १९४९ अशी जवळजवळ बारा वर्षे किताब सांभाळणे, त्यातील काही वर्षे सैन्यात घालवणे आणि २५ वेळा तो राखणे, हे या गटात आजवर दुसऱ्या कोणाला जमलेले नाही. मॅक्स श्मेलिंगने त्याला १९३६ मध्ये बाद केले होते. दोन वर्षांनी त्याच श्मेलिंगला त्याने पहिल्याच फेरीत संपवले. ज्याने हरवले त्याच्याकडून शिकून परत येणारा विजेता मला न हरलेल्या विजेत्याइतकाच मोठा वाटतो.

ज्यांना संधीच मिळाली नाही, त्यांचे काय?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात आणि तो अधिक जणांनी विचारावा, अशी मनापासून इच्छा आहे. अमेरिकेत गोऱ्या विजेत्यांनी कृष्णवर्णीय आव्हानवीरांना दीर्घकाळ किताबापासून दूर ठेवले. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे टॉमी बर्न्सला हरवून जॅक जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता झाला. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे त्याने निवृत्तीतून परत आणलेल्या जेम्स जेफ्रीजला पंधराव्या फेरीत पराभूत केले, तेव्हा अमेरिकेत अनेक शहरांत दंगली उसळल्या. जॉन्सननंतर १९३७ मध्ये लुई येईपर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला या गटात विजेता होता आले नाही.

या मधल्या काळात हॅरी विल्स वर्षानुवर्षे डेम्प्सीला आव्हान देत राहिला आणि ती लढत कधी झालीच नाही. सॅम लँगफर्ड हा सुमारे साडेपाच फुटांचा, पण भयंकर ताकदीचा मुष्टियोद्धा होता. त्याला हेवीवेट जगज्जेतेपदाच्या लढतीची संधी कधीच मिळाली नाही, आणि विजेता झाल्यानंतर जॉन्सननेही त्याला ती दिली नाही. म्हणून डेम्प्सीच्या काळाची यादी पाहताना ती अर्ध्या माणसांची यादी आहे, हे ध्यानात ठेवावे लागते.

वेगळ्या कारणाने असेच क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हनसनबाबतही म्हणावे लागेल. १९७२, १९७६ आणि १९८० अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके त्याने मिळवली आणि व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जाण्यास नकार दिला. अलीशी त्याची लढत व्हावी, अशी बरीच चर्चा झाली, पण ती झाली नाही.

‘अ’ने ‘ब’ला हरवले आणि ‘ब’ने ‘क’ला हरवले, तर ‘अ’ हा ‘क’पेक्षा श्रेष्ठ ठरतो ना?

बॉक्सिंगमध्ये ही साखळी टिकत नाही. केन नॉर्टनने मार्च १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडून त्याला हरवले आणि नंतरच्या दोन्ही लढतींत त्याला शेवटपर्यंत झुंजवले. त्याच नॉर्टनला जॉर्ज फोरमनने १९७४ मध्ये दोन फेऱ्यांत संपवले. फ्रेझरने अलीला हरवले होते, आणि जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टन येथे फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले. या हिशेबाने ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात अली चिरडला जायला हवा होता. त्याऐवजी तो दोरांना टेकून फोरमनचे ठोसे हातांवर आणि खांद्यांवर घेत राहिला, त्याला थकू दिले आणि आठव्या फेरीत त्याला बाद केले. कोणाची शैली कोणाला जाचते, हे साखळीतून कळत नाही.

मग दोन काळ जोडणारा काही विश्वसनीय दुवा आहे का?

आहे, आणि तो म्हणजे दोन पिढ्यांत लढलेली माणसे. फोरमन १९७४ मध्ये अलीशी लढला. दीर्घ निवृत्तीनंतर परतून १९९१ मध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी तो इव्हँडर होलीफिल्डसमोर बारा फेऱ्या टिकला, आणि ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, ४५ वर्षांचा असताना, त्याने मायकेल मूरर या २६ वर्षांच्या विजेत्याला दहाव्या फेरीत बाद केले. तोवर तो गुणांवर मागे होता, संथ झाला होता आणि १९७४ पेक्षा बराच जड होता. विसाव्या शतकाच्या अखेरीचे हेवीवेट सत्तरच्या दशकातील हेवीवेटपेक्षा सर्वस्वी वरच्या पातळीवर होते, असे म्हणणाऱ्याने या एका लढतीचे उत्तर द्यावे.

लॅरी होम्सचा दुवा मला याहूनही उपयुक्त वाटतो. तो अलीचा सरावातील जोडीदार होता आणि १९८० मध्ये त्याने उताराला लागलेल्या अलीला हरवले. त्याच होम्सने १९९२ मध्ये, ४२ व्या वर्षी, १९८८ चा ऑलिंपिक विजेता रे मर्सर याला जवळजवळ केवळ डाव्या जॅबच्या आधारे गुणांवर नमवले. पुढे १९९६ मध्ये मर्सरने लेनॉक्स लुईसला इतके झुंजवले की तो निकाल आजही वादाचा आहे. ही साखळी नव्हे, हे वर सांगितले आहेच. पण वय झालेला माणूस पुढच्या पिढीतील उत्तम खेळाडूंना जड जात असेल, तर भरातील तोच माणूस त्यांच्यात सहज शोभला असता, एवढे अनुमान मला सुरक्षित वाटते.

जुने चित्रीकरण पाहिले की ते लोक अडाण्यासारखे धडपडताना दिसतात. त्यावरून काय समजावे?

फारसे काही समजू नये. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जाई आणि त्याची गती आजच्या गतीशी जुळत नाही, त्यामुळे हालचाली तुटक आणि अवास्तव जलद दिसतात. कॅमेरा दूर व एकाच जागी असे. शिवाय १९१२ मध्ये अमेरिकेत मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास कायद्याने बंदी आली. योग्य गतीने दुरुस्त केलेल्या फिती मिळाल्या, तर जॉन्सनचे बचावाचे कौशल्य, म्हणजे समोरच्याचा दंड धरून त्याचा ठोसा सुरू होण्याआधीच मारण्याची त्याची पद्धत, आजही शिकण्यासारखी आहे.

संगणकाने हा प्रश्न सोडवता येत नाही का?

तसा प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. १९६७ मध्ये रेडिओवर एक काल्पनिक स्पर्धा घेण्यात आली आणि संगणकाने तीत मार्सियानोला विजेता ठरवले. त्याच स्पर्धेत अली जेफ्रीजकडून हरल्याचे दाखवल्यामुळे अली न्यायालयात गेला. पुढे अली आणि निवृत्त मार्सियानो या दोघांना प्रत्यक्ष रिंगमध्ये आणून निरनिराळे शेवट चित्रित करण्यात आले. १९७० मध्ये ते प्रदर्शित झाले तेव्हा अमेरिकेतील प्रेक्षकांना मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकताना दिसला आणि युरोपात अली जिंकल्याचा शेवट दाखवला गेला. तोवर मार्सियानोचे विमान अपघातात निधन झाले होते. यंत्रात जे भरले जाते ते माणसानेच ठरवलेले असते, आणि ते आजच्या खेळांतील आभासी लढतींनाही लागू आहे.

कुस्तीत अशी तुलना कशी करतात?

तितकीच अवघड आहे. चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी किताब मिळवला, याचा खानदेशाला सार्थ अभिमान आहे. परंतु त्यांची गाठ १९६० च्या दशकातील मल्लांशी घालायची म्हटली, तर ती लाल मातीत घालायची की मॅटवर, आणि वेळेचे बंधन असेल की चितपट होईपर्यंत चालेल, हे आधी विचारावे लागेल. ज्याला हे पटते, त्याला फेऱ्यांविषयीचे वरचे उत्तरही पटेल.

भारतातील कोणी या महान हेवीवेटपैकी कोणाशी लढले आहे का?

पंजाबचे कौर सिंग हे सैन्यातील मुष्टियोद्धे होते. जानेवारी १९८० मध्ये अली भारतात आला असता दिल्लीत त्याच्याशी त्यांची प्रदर्शनीय लढत झाली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांनी हेवीवेटचे सुवर्णपदक जिंकले. आपल्या मुलांना हे नाव अलीच्या नावाइतकेच माहीत असायला हवे.

आपली स्वतःची क्रमवारी कोणती?

आपल्या काळावरील वर्चस्व आणि प्रतिस्पर्ध्यांची गुणवत्ता यांवर मोजायचे असेल, तर पहिला अली आणि दुसरा जो लुई. लिस्टन, फ्रेझर, फोरमन आणि नॉर्टन यांना हरवणारा दुसरा कोणी नाही, आणि वयाच्या पंचविशीपासून अठ्ठाविशीपर्यंतची सुमारे साडेतीन वर्षे अलीला रिंगबाहेर काढावी लागली होती, हेही विसरता येत नाही. त्यानंतर होम्स, फोरमन, लेनॉक्स लुईस, मार्सियानो आणि जॉन्सन यांचा क्रम मी ठामपणे लावू शकत नाही. उसिकने या पंक्तीत स्थान मिळवले आहे, असे माझे मत आहे.

आजच्या नियमांत, बारा फेऱ्यांत, प्रत्यक्ष लढत लावायची झाली, तर मात्र मी लेनॉक्स लुईसला पहिल्या दोघांत ठेवीन. मॅककॉल आणि रहमान यांनी त्याला एकेका ठोशाने बाद केले, हे खरे आहे, पण रहमानला त्याने त्याच वर्षी परत लोळवले आणि मॅककॉललाही पुढे हरवले.

मतभेद जाणकारांतही टोकाचे असतात. ‘द रिंग’ या मासिकाचे संस्थापक नॅट फ्लायशर यांनी जॉन्सनपासूनचे सारे विजेते पाहिले होते. त्यांनी जॉन्सनला अग्रस्थानी ठेवले आणि अलीला पहिल्या दहांतही घेतले नाही.

नवशिक्याने कोणत्या लढती पाहून सुरुवात करावी?

लुई–कॉन १९४१, मार्सियानो–वॉलकॉट १९५२, अली–विल्यम्स १९६६, अली–फ्रेझर १९७१ व १९७५, अली–फोरमन १९७४, होम्स–नॉर्टन १९७८, टायसन–डग्लस १९९०, फोरमन–मूरर १९९४ आणि उसिक–फ्युरी २०२४ या लढती याच क्रमाने पाहाव्यात. समालोचनाचा आवाज बंद ठेवावा, कारण समालोचक स्वतःचे मत नकळत आपल्या डोळ्यांत घालतो. वही घेऊन प्रत्येक फेरीनंतर जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला नऊ असे गुण स्वतः लिहावेत. बाराव्या फेरीनंतर बेरीज करावी, पंधरा फेऱ्यांची लढत असेल तर पुढच्या तीन फेऱ्यांचे गुण वेगळे मांडावेत, आणि मगच अधिकृत निकाल पाहावा.